वाईट विचार आलाच तर?

गेल्या महिन्यात इंदूरला रामबागेतल्या एका हॉलमध्ये माझ्या भाचीचं डोहाळजेवण झालं. फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, दोन वाट्यांखाली झाकलेली बर्फी आणि पेढा, सगळं रीतसर. आणि मग जेवणाच्या रांगेत नेहमीचं भांडण पेटलं. नात्यातल्या एक काकू गर्भसंस्काराचे वर्ग घेतात. त्यांनी भाचीच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं होतं, "आता बाळ येईपर्यंत मनात एकसुद्धा वाईट विचार येऊ द्यायचा नाही हं. आईचा प्रत्येक विचार बाळापर्यंत पोचतो." माझ्या डॉक्टर मामेभावानं ते ऐकलं आणि तो हातातल्या ताटासकट त्यांच्यावर तुटून पडला. पुरावा कुठाय, हे थोतांड आहे, घाबरलेल्या बायकांकडून पैसे उकळायचे धंदे आहेत. काकूंनी अभिमन्यू काढला, त्यानं जनुकं काढली. काकू संस्कृतीवर गेल्या, तो गॅलिलिओवर. पुऱ्या गार होतायत म्हणून मागची मंडळी कुरकुरायला लागली तेव्हा कुठे दोघं पुढे सरकले. जिच्यावरून हे चाललं होतं ती झोपाळ्यावर बसून फोटोवाल्याकडे बघत हसत होती.

तिला घरी सोडायला निघाले, तेव्हा गाडीत तिनं हळूच विचारलं, "मावशी, आणि वाईट विचार आलाच तर?"

एवढ्या खडाजंगीत हा प्रश्न एकदाही आला नव्हता. गर्भसंस्कारावरचे आपले सगळे वाद असेच चालतात. एका बाजूला परंपरा, दुसऱ्या बाजूला विज्ञान, आणि दोघांचेही डोळे पोटाकडे. माझं म्हणणं असं की आईचा विचार बाळापर्यंत पोचतो का, हे घटकाभर बाजूला ठेवा. 'वाईट विचार येऊ देऊ नकोस' ही आज्ञा आईपर्यंत तर नक्की पोचते. तिथे ती काय करते? बहुतेकींच्या बाबतीत काहीच करत नाही. त्या 'हो' म्हणतात आणि रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन हवं ते खातात. पण काही बायकांच्या बाबतीत ही आज्ञा म्हणजे आजाराला खतपाणी असतं. त्या आजाराला आता सगळे ओसीडी म्हणतात: नको तो विचार पुन्हा पुन्हा येणं, आणि तो घालवायला तेच ते करत राहणं. मराठीत त्याला मंत्रचळ असा जुना शब्द आहे. मंत्र म्हणताना चूक झाली की माणूस चळतो, ही त्यामागची समजूत. चुकला असेल का, पुन्हा म्हणावा का, पुन्हाही चुकला तर? हा फेरा त्या एका शब्दात बसलेला आहे. 2013 साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. एरवी शंभर बायकांत साधारण एकीला असणारा हा आजार गरोदरपणात दोघींना आणि बाळंतपणानंतर दोघींहून थोड्या जास्त जणींना आढळला. म्हणजे ज्या दिवसांत आपण बाईला 'मन प्रसन्न ठेव' म्हणून सांगतो, नेमके तेच या आजाराचे दिवस.

मला हे आधी पुस्तकातून कळलेलं नाही. सतरा वर्षांपूर्वी, मुलगा तीन आठवड्यांचा असताना, ओट्याखालच्या विळीकडे बघून माझ्या मनात आलं की हिनं बाळाला कापता येईल. राग नव्हता, इच्छा तर नव्हतीच. नुसतं चित्र होतं, पण लख्ख. मी विळीचं पातं मिटलं, ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी सुरी गेली, मग कात्री. सासूबाई भाजी चिरायला बसत आणि विळी शोधत राहत. मी म्हणे, दिसली नाही बुवा. मग अंघोळीच्या पाण्याची धास्ती, मग गॅलरीची. बारशाला पाळण्याखालून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करत बाळ माझ्यापर्यंत आलं आणि मी हात पुढे केलेच नाहीत. पदराआड ते एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. बायका हसल्या, "लाजतेय हो!" त्याच काळात मी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा हात धूत होते, आणि त्याचं मात्र कौतुक झालं. सून किती स्वच्छ म्हणून. आज तर विचारायलाच नको; 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिरवणाऱ्या या शहरात हात धुणारी बाई आजारी असेल, अशी शंका कोण घेणार? (उशा सरळ रेषेत लावणारे लोक 'मला ना ओसीडीच आहे' असं हौसेनं सांगतात, तेव्हा मला ती माळ्यावरची विळी आठवते.)

खरं तर आपल्या भाषेला हे सगळं ठाऊक आहे. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असं म्हणणाऱ्या माणसांनी माणसाचं मन जवळून पाहिलेलं होतं. जिवाभावाच्या माणसाबद्दल शत्रूलाही सुचणार नाही असलं अभद्र आपलंच मन सुचवतं, आणि सगळ्यांचंच सुचवतं. 1978 साली लंडनमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी ज्यांना कसलाही आजार नाही अशा माणसांना विचारून पाहिलं. असे नको ते, न बोलावलेले विचार जवळजवळ ऐंशी टक्के लोकांना येत होते. नव्या आयांचे पुढचे अभ्यास तर आणखी बोलके आहेत. बाळाला अपघात होईल हा विचार जवळपास सगळ्यांनाच येतो, आणि आपणच बाळाला मुद्दाम काही करू हा विचार साधारण निम्म्या जणींना. निम्म्या! म्हणजे त्या हॉलमध्ये जेवायला आलेल्या लेकुरवाळ्यांपैकी निम्म्यांच्या मनात कधी ना कधी विळी चमकून गेली असणार. बाकीच्या जणी 'काय वेड्यासारखं' म्हणतात आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागतात. मंत्रचळलेली बाई तिथेच अडकते. हा विचार मला आलाच कसा, मग मी कसली आई, आणि तो पुन्हा आला तर? तो पुन्हा येऊ नये म्हणून ती पहारा देते, आणि पहाऱ्यामुळेच तो येतो. औषध घेताना माकड आठवायचं नाही, असं बजावणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण लहान मुलांना हसत हसत सांगतो. गरोदर बाईला तोच वैद्य गाठून देताना आपल्याला हसू येत नाही.

आणि हे बोलायचं कुणाशी? आपल्या घरांत संध्याकाळी अभद्र बोलायचं नसतं, वास्तू तथास्तु म्हणते. मी स्वतः मुलाला हे वाक्य शंभरदा सांगितलंय, त्यामुळे त्याची टर उडवायचा मला हक्क नाही. पण त्याचा अर्थ नीट बघा. मनातलं तोंडावर आलं की ते घडणार. विचार आणि कृती यांच्यातली भिंत पाडून टाकणं हाच मंत्रचळाचा गाभा आहे, मानसशास्त्रज्ञ त्याला विचार-कृतीचं एकीकरण म्हणतात. निरोगी माणसाला ते वाक्य जीभ आवरायला लावतं. आजारी बाईला ते सांगतं की विळीचं चित्र नवऱ्याला सांगितलंस तर वास्तू ऐकेल. मी नवऱ्याला सांगायला पाच महिने लावले.

आता काकूंच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. ते मामेभाऊ म्हणतो तितकं पोकळ नाही. पोटातल्या बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत ऐकू येतं. 1986 साली अमेरिकेत काही गरोदर बायकांना शेवटचे सहा आठवडे रोज एक ठरलेली गोष्ट मोठ्यानं वाचायला लावली. जन्मल्यावर त्यांच्या बाळांनी अनोळखी गोष्टीपेक्षा ती ऐकलेली गोष्ट पसंत केली. म्हणजे अभिमन्यूची कथा रचणाऱ्याचं निरीक्षण अगदीच हवेतलं नव्हतं. दीर्घकाळच्या ताणाचा गर्भावर परिणाम होतो, हेही खरं. पण बाळांपर्यंत पोचला तो आवाज. वाचताना आईच्या मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार होता की सासूचा, याची नोंद त्यांच्याकडे झाली नाही. आणि ज्या ताणाचे परिणाम दिसतात तो उपासमारीचा, मारहाणीचा, महिनोन् महिने चाललेल्या धास्तीचा असतो. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळात सापडलेल्या आयांच्या मुलांवर आयुष्यभराचे परिणाम झाले, ते पोटात अन्न नव्हतं म्हणून. मनात येऊन गेलेलं एखादं चित्र आणि असा ताण एकाच तागडीत कसे घालायचे? उलट ताण वाईट असेल, तर 'प्रत्येक विचार बाळाला लागतो' असं सांगून नऊ महिन्यांचा ताण निर्माण करणाऱ्याचा हिशेब कोण मांडणार?

काकूंची दुसरी बाजू मला त्याहून मोलाची वाटते. त्यांच्या वर्गात बायका आठवड्यातून दोनदा येतात, चटईवर बसतात, श्वास घेतात, एकमेकींशी पाय सुजल्याच्या गप्पा मारतात. दुपारी चारला सगळ्यांचा चहा टाकावा लागणाऱ्या सुनेला ते दोन तास कुणी दुसऱ्या नावानं दिले नसते. ते काढून घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. पण परंपरेचाच दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. डोहाळे हा शब्द दोहदावरून आला. सुश्रुतानं गरोदर बाईला दोन हृदयांची म्हटलंय आणि तिच्या इच्छा डावलल्या तर गर्भाला व्यंग येतं असं सांगितलंय. वैद्यकशास्त्र म्हणून ते आज टिकणार नाही, पण त्या सांगण्याचा रोख पाहा. आज्ञा भोवतालच्यांना आहे: तिला हवं ते द्या. डोहाळजेवण त्यातूनच आलं. मग ही आज्ञा फिरून तिच्याच मानेवर कधी बसली? तिला काय हवं हे विचारणारी रीत, तू काय विचार करतेस हे तपासणारी कशी झाली?

आणि हे फक्त आपल्याकडेच झालंय असंही नाही. 1726 साली इंग्लंडमध्ये मेरी टॉफ्ट नावाच्या बाईनं आपण सशांना जन्म दिला म्हणून सांगितलं. गरोदरपणी ससे दिसले, मन त्यांच्यावर गेलं, म्हणून पोटी ससे आले, या गोष्टीवर राजाच्या पदरचा शल्यवैद्यसुद्धा विश्वास ठेवून बसला, कारण आईच्या मनातलं बाळावर उमटतं हे तेव्हा तिथलं शहाणपणच होतं. लबाडी उघडकीला आली आणि बिचाऱ्या डॉक्टरांची शोभा झाली. आपल्याकडे ग्रहणात आईनं काही चिरलं म्हणून बाळाचा ओठ फाटला, असं अजून म्हणतात. आणि आपण विज्ञानवादी म्हणून कुणी फार छाती फुगवू नये. विसाव्या शतकात मुलाला स्वमग्नता आली की ती आईच्या मायेच्या थंडपणामुळे, हे पदवीधर डॉक्टर गंभीरपणे सांगत होते; अशा आयांना 'फ्रिजसारख्या आया' म्हणायचे. 1964 साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं, स्वतः अशा मुलाचा बाप असल्यामुळे चिडून, त्या मताच्या चिंधड्या केल्या तरी ते जायला पुढे बरीच वर्षं लागली. राहता राहिली अभिमन्यूची गोष्ट. आपल्याकडे ती कशी सांगतात? सुभद्रेला डुलकी लागली, म्हणून चक्रव्यूहातून बाहेर पडायचं कळायचं राहिलं. समोर सात महारथी, एकट्या पोराला घेरून नियम मोडून मारणारे, आणि दोष कुणाचा? पोटुशी बाई झोपली तिचा.

मामेभावाच्या पक्षाची मात्र गंमत आहे. त्यानं थोतांड म्हणून झाल्यावर भाचीला काय सांगितलं? "काही होत नाही गं, हॉर्मोन्स असतात, पॉझिटिव्ह राहा." ही काकूंचीच आज्ञा, फक्त कोट घालून आलेली. 2017 साली आयुष मंत्रालयाच्या गरोदर बायकांसाठीच्या पुस्तिकेवरून देशभर गदारोळ झाला तेव्हाही हेच झालं. अंडी-मांस टाळा या सल्ल्यावर सगळे भांडले, वासना टाळा यावर हसले. त्याच ओळीत गरोदर बाईनं रागापासूनही दूर राहावं असं होतं. त्यावर कुणी थांबलेलं मला तरी दिसलं नाही. दवाखान्यात वजन बघतात, रक्तदाब बघतात, हिमोग्लोबिन बघतात. मनाचं विचारलंच तर जगभर वापरली जाणारी एडिनबरोची दहा प्रश्नांची यादी पुढे येते. 1987 सालची ती यादी नैराश्यासाठी चांगली आहे. स्वतःला इजा करावीशी वाटते का, हे ती विचारते. बाळाबद्दल नको ते मनात येतं का, हे विचारत नाही. मी ती यादी त्या काळात प्रामाणिकपणे भरली असती तरी विळी त्यात कुठेच आली नसती.

'आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही,' हा आक्षेप मी फार थोडक्यात संपवते. आमच्या आजीच्या वेळी बाळंतिणीचं काहीही बिघडलं की सुवारोग म्हणायचे, नाहीतर बाहेरचं. एका बाईला अंगाऱ्यानं बरं वाटलं ती लक्षात राहिली, जिला माहेरी पाठवून दिलं तिचं नाव कुणी घेतलं नाही.

खरा अवघड आक्षेप दुसराच आहे. तो लोक तोंडावर आणत नाहीत, पण मनात असतो: ही बाई खरंच काही करून बसली तर? बाळाचा जीव पणाला लावून आजाराचं कौतुक करायचं का? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. बाळंतपणानंतरचा एक आजार खरोखर धोक्याचा असतो, प्रसूतिपश्चात मनोविकृती. हजारात एखाद-दुसऱ्या बाईला होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, भास होतात, हे बाळ माझं नाही किंवा त्याला वाचवायला मारलं पाहिजे असं तिला खरंच पटलेलं असतं. तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, उद्यावर टाकायचं नाही. मंत्रचळाच्या बाईचं उलट असतं. विचार तिला पटत नाही, तिला त्याची किळस येते, ती सुऱ्या लपवते, बाळापासून लांब राहते. तिच्या त्या भीतीतच तिची माया दिसते. हा फरक न कळणारे लोक 'सावधगिरी' म्हणून बाळ उचलून दुसऱ्या खोलीत नेतात. माझ्या घरी अगदी प्रेमानं नेलं, 'जरा विश्रांती घे' म्हणून. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि पुढचा महिना त्या सुटकेनंच खाल्ला. कारण मन शिकलं की बाळ लांब असलं तरच बाळ सुखरूप असतं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2009 पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही. कायद्याला जे सुचलं ते घरातल्या माणसांना सुचायला काय हरकत आहे?

उपचारांबद्दल थोडं, कारण इथेच दोन्ही बाजू पुऱ्या उघड्या पडतात. या आजारावर सगळ्यात जास्त उपयोगी ठरलेली पद्धत 'चांगला विचार कर' याच्या बरोबर उलटी आहे. 1966 साली व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं ती पहिल्यांदा मांडली. जिची भीती वाटते तिच्यासमोर थोडं थोडं उभं राहायचं आणि नेहमीचा तोडगा करायचा नाही. माझ्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी मला विळी माळ्यावरून खाली आणायला लावली. पहिल्या दिवशी ती मिटलेली, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तिसऱ्या आठवड्यात बाळ शेजारी दुपट्यावर आणि मी दुधी चिरतेय, हात थरथरतायत, विचार येतोय आणि त्याला मी येऊ देतेय. हात धुवायचे नाहीत, आणि 'मी काही करणार नाही ना?' असं नवऱ्याला विचारायचं नाही. नवऱ्यालाही एक पथ्य होतं, फार कठीण: 'नाही गं, तू असं कधी करशील का' म्हणायचं नाही. ते उत्तर दिवसातून वीसदा दिलं की तोच मंत्र होतो आणि तो चुकायला लागतो. काही जणींना औषधं लागतात. दूध पाजणाऱ्या आयांना बऱ्याचदा सर्ट्रालिन देतात, कारण त्याचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो. औषध घ्यावं की नाही, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं, आणि चालू असलेलं स्वतःच्या मनानं एकदम बंद करायचं नाही. पोटात बाळ असताना गोळ्या कशाला, ही भीती मला कळते. पण बिनऔषधाचा आजारही त्या बाळाच्या आईलाच झालेला असतो, तोही फुकट नसतो. ज्यांना कुठे जायचं कळत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, 14416 या क्रमांकावर, फुकट.

भाचीला त्या संध्याकाळी मी विळीची गोष्ट सांगितली. तिला मंत्रचळ आहे का हे मला माहीत नाही, बहुधा नसावा. तिला एक विचार आला होता आणि तो सांगायला जागा नव्हती. काकूंनाही फोन केला. वर्ग बंद करा म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा, नको ते विचार येतात, जवळपास सगळ्यांना येतात, त्यानं बाळाला काही होत नाही, आणि ते जातच नसतील, जगणं अडवत असतील तर मला एकटीला येऊन सांगा, आपण डॉक्टरकडे जाऊ. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग काकू म्हणाल्या, "मला थोरल्याच्या वेळी विहिरीचं वाटायचं." आणखी थोड्या वेळानं, "सांगीन वर्गात. बघते कसं जमतं." आणि फोन ठेवता ठेवता, "पण तू बारशाला हा विषय काढू नकोस बाई. भरल्या घरात वास्तू तथास्तु म्हणते."